एकशे चाळीस कुरव

मी दुर्बीण बोलतेय. कृपा करून थोडं लांब उभं राहा. फार जवळ आलात तर मला तुमचं नाक तेवढं दिसेल, आणि तेही धूसर. माझा जन्मच लांबचं बघायला झालाय. जवळचं बघायचं काम माणसांकडे सोपवलेलं असतं, आणि ती ते कितपत करतात हे मी पुढे सांगणारच आहे.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर मी जन्मले. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी भिंगं एकामागून एक बसवली, मला समोरच्या भिंतीवरच्या फुलीवर रोखलं, आधी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला आणि ती म्हणाली, "पास." त्यानंतर माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत छापलं गेलं, 'ओलावा आत शिरत नाही.' मी ते वाक्य मनापासून खरं मानलं. स्वतःबद्दल छापून आलेलं चांगलं वाक्य खोटं मानणारं अजून मला कोणी भेटलेलं नाही.

दुकानाच्या काचेत मी दोन वर्षं बसून होते. मग मोजणी खात्यातली चार माणसं आली. त्यांच्या कचेरीतले एक मोजणीदार निवृत्त होणार होते आणि त्यांना भेट द्यायची होती. रिवाजाप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं, पण त्यांच्यातले भांडारपाल म्हणाले, "यांना घड्याळ कशाला? हा माणूस तीस वर्षं दहा मिनिटं आधी येतोय. उलट घड्याळच यांच्यावर लावून घ्यावं." सगळे हसले आणि घड्याळाऐवजी मी बांधली गेले.

निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं. "आता मोकळ्या हवेत फिरा, निसर्ग बघा, समुद्र बघा," असं ते तीनदा म्हणाले. ज्याला सांगत होते तो माणूस समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर एकतीस वर्षं राहत होता.

समुद्राकाठच्या माणसांचं हे एक मला कळलेलं नाही. लांबून पाहुणे येतात, पिशवी दारात टाकतात आणि तडक पाण्याकडे पळतात. घरचे म्हणतात, "तुम्ही या जाऊन. आम्हाला काय, रोजचंच आहे." रोजचंच असल्यामुळे ते वर्षानुवर्षं जात नाहीत. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे गंजलेली बिजागरी, बरणीतून न पडणारं मीठ आणि न वाळणारे टॉवेल. माझ्या मालकांना तर समुद्र आणखीनच नकोसा होता, कारण त्याची मोजणी होत नसे. भरतीच्या रेषेपर्यंत मोजणीची साखळी टाकायची, नकाशात रेघ मारायची आणि पुढे नुसतं 'पाणी' असं लिहून घरी यायचं, एवढाच त्यांचा आणि त्याचा संबंध.

गावात त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. पहिले दोन महिने काकांनी मला गॅलरीत वापरलं. म्हणजे त्यांनी मला बोटीवर रोखावं आणि काकूंनी हातातून घेऊन समोरच्या इमारतीवर रोखावं. "समोरच्यांनी पडदे बदलले वाटतं," काकू म्हणायच्या. "आणि धुणं बघा, काल घातलंय, अजून काढलं नाही." माझ्यासारख्या खानदानी दुर्बिणीनं ज्या गोष्टी पाहिल्या त्या सगळ्या इथे सांगत नाही. समोरच्यांकडेही एक दुर्बीण आहे हे कळल्यावर काकूंनी तो नाद सोडला.

मग शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. गावातल्या सहा-सात हौशी माणसांना घेऊन त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडापर्यंत चालत जायच्या आणि किनाऱ्यावरचे पक्षी मोजून वहीत लिहायच्या.

"काका, तुमच्याकडे चांगली दुर्बीण आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "आणि मोजायला तुमच्यासारखं कोण आहे? आमचं सगळं अंदाजे चालतं."

'अंदाजे' हा शब्द ऐकून काकांच्या कपाळावर आठी पडली. मोजणी खात्यात तो शिवीसारखा वापरतात.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो, आणि खरं सांगते, माझं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं. ओहोटीनं उघडे पडलेले काळे खडक, त्यांच्या खळग्यांत अडकलेलं स्वच्छ पाणी, त्यात तिरके पळणारे खेकडे. एका खडकावरून दुसऱ्यावर उडी मारताना आपण साठीला आलोय हे काका विसरले आणि काकू ओरडल्यावर त्यांना आठवलं. खाडीच्या चिखलात त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल आत राहिली. ज्या माणसानं उभ्या हयातीत इस्त्री न केलेला सदरा घातला नव्हता तो एका पायात चप्पल घालून वाऱ्यात उभा राहिला आणि हसायला लागला. काकूंनी त्यांना तसं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं, कारण त्या समुद्राकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

त्यानंतर एकही पहिला रविवार चुकला नाही. चिखल्या, सुरय, पाणकावळे, बगळे, समुद्रावरचे पांढरे कुरव, सगळ्यांची काकांशी ओळख झाली. ओळख म्हणजे संख्या. त्यांची मोजायची रीत ठरलेली होती. थव्यातले पहिले दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा किती रुंदीत बसलेत ते डोळ्यांत धरायचं आणि तीच रुंदी साखळीसारखी थव्यावर टाकत जायचं. मग उलट्या दिशेनं पुन्हा एकदा. दोन्ही आकडे जुळले तरच तोंड उघडायचं. "चिखल्या, अठ्ठावन्न," असं ते म्हणायचे आणि शेजारी वही घेऊन बसलेल्या काकू लिहायच्या. बाई खूश, मंडळी खूश. काकांनी मोजलं म्हणजे मोजलं, असं सगळे म्हणायला लागले आणि हळूहळू बाकीच्यांनी मोजायचंच बंद केलं. ते डबे उघडून बसायचे.

अशी सात वर्षं गेली. आता माझ्या आजाराकडे येते.

काकांचा माझ्यावर फार जीव. घरी आलं की मऊ फडक्यानं पुसायचे, चामड्याच्या पेटीत घालायचे, पेटी फ्लॅनेलमध्ये गुंडाळायचे आणि लोखंडी कपाटात, वरच्या खणात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवायचे. कपाटाला कुलूप. समुद्राकाठच्या दमट हवेत मला असं बंद करून ठेवल्यावर व्हायचं तेच झालं. ओलावा आत शिरला. सोनेरी अक्षरं बाहेर चमकत होती आणि आत भिंगांवर बुरशी पसरत होती. शेजारच्या घरातली प्लॅस्टिकची दुर्बीण, जत्रेतल्या खेळण्यात शोभेल अशी, कायम खिडकीत उन्हात पडलेली असायची. ती अजून ठणठणीत आहे. हे सांगताना मला किती त्रास होतोय हे तुम्हाला कळणार नाही.

मी गप्प राहिले. खानदानी दुर्बिणीला बुरशी लागते हे कोण कबूल करेल? आणि गंमत अशी की त्याच सुमारास काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तेही गप्प होते. मला वाटायचं, यांना माझं कळू नये. त्यांना वाटायचं, कोणालाच आपलं कळू नये.

माझ्यातून बघताना धूसर दिसलं की ते म्हणत, "दुर्बिणीला काहीतरी झालंय." माझ्याशिवाय धूसर दिसलं की म्हणत, "आज धुकं आहे." त्या घरात बारा महिने धुकं पडायला लागलं. चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा. एकदा त्यांनी टपालपेटीला हात उंचावून "काय, बरं आहे ना?" विचारलं. खडकांवरून चालताना ते काकूंच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि वर म्हणायचे, "जपून हं, तुझा पाय घसरेल."

"अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या," काकू म्हणायच्या.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? बांध वीतभर वाकडा असला तरी नुसत्या नजरेनं सांगितलाय मी. डोळ्यांना कोणाचा हात लागू देणार नाही."

मला त्यांचं कळत होतं. नोकरी गेल्यावर त्यांच्याकडे नजर तेवढी उरली होती. तीही गेली म्हटल्यावर मोजणीकाका म्हणजे नुसते काका झाले असते.

आणि एका रविवारी, खाडीच्या तोंडाशी पलीकडे जो वाळूचा लांब पट्टा ओहोटीत वर येतो, त्यावर काकांना पांढरे ठिपके दिसले. आधी तिथे कधी दोन-चार पक्ष्यांपलीकडे काही नसायचं. काकांचा श्वास वाढला, तो माझ्या भिंगांवर आला. त्यांनी डावीकडून मोजलं. उजवीकडून मोजलं.

"कुरव," ते म्हणाले. "एकशे चाळीस."

मंडळींनी डबे बाजूला ठेवले. डोळ्यांवर हात धरून सगळ्यांनी पलीकडे बघितलं. पांढरे ठिपके सगळ्यांनाच दिसले. बाईंना तर भरून आलं. "एवढा मोठा थवा आपल्या किनाऱ्यावर!"

पुढच्या महिन्यातही तेच. कुरव, एकशे चाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा एकशे चाळीस.

"एकही कमी-जास्त नाही," मंडळीतले एक गृहस्थ म्हणाले.

"शिस्तीचा पक्षी आहे," काका म्हणाले. "रांगेत बसतो."

आता मी कबुली देते. मला शंका आली होती. बुरशीतूनही मला एवढं दिसत होतं की तास-तासभर त्या एकशे चाळिसांपैकी एकालाही पंख हलवावासा वाटत नाही. पण बोलायचं कोणी? मला तोंड नाही ही एक सबब झाली. खरं कारण हे की त्यांचं पितळ उघडं पडलं असतं तर पाठोपाठ माझंही पडलं असतं.

बाईंनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. नगरपालिकेनं फोटो मागवला. फोटोत पांढरे ठिपके आले आणि पुरावा पक्का झाला. नऊ महिन्यांच्या नोंदी जोडलेल्या, सगळ्या एकसारख्या, खाली मोजणी खात्यातल्या निवृत्त माणसाची सही. असा भक्कम कागद नगरपालिकेनं आयुष्यात पाहिला नव्हता. महिन्याभरात वाळूच्या पट्ट्यावर दोन लोखंडी खांब उभे राहिले आणि त्यांवर पाटी लागली : 'कुरव पक्ष्यांचे विश्रांतिस्थान. येथे जाळी वाळत घालू नयेत.'

पाटी लागली आणि पुढच्या पहिल्या रविवारी कुरव नाहीसे झाले.

काकांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "शून्य," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला.

बाई चिडल्या. कोणीतरी पक्ष्यांना हुसकावलं असणार! कोण असणार? त्या पट्ट्यावर ऊठबस असलेला माणूस एकच. पलीकडच्या काठाला राहणारा एक मच्छीमार. रविवारी तो समुद्रावर जात नसे आणि पट्टा उघडा पडताच, आम्ही पोचायच्या आधी, आपलं मोठं जाळं त्या वाळूवर पसरून ठेवत असे. पूर्वी तो ते धक्क्याजवळ वाळवायचा, पण तिथे गाड्या उभ्या करायची सोय झाल्यावर त्याला इकडे यावं लागलं होतं. पाटीमुळे आता इथूनही त्याला उठवलं होतं. बाई तडक त्याच्या दारात गेल्या आणि "पाटीचा राग मुक्या पक्ष्यांवर काढलात," असं चार माणसांदेखत त्याला बोलल्या. नगरपालिकेची नोटीस गेली ती वेगळीच. ओलं जाळं त्याच्या अंगणात ढीग होऊन पडलं आणि कुजायला लागलं. जाळं गेलं तर घरात चूल कशावर पेटणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. काकांपुढचा प्रश्न वेगळा होता. कुरव कुठे गेले या विचारानं ते जेवत नव्हते.

आठवड्यानं काकू बाजारात गेल्या तेव्हा तो मच्छीमार त्यांना आडवा आला. मी त्या दिवशी काकूंच्या पिशवीत होते, कारण त्या मला दुरुस्तीला नेऊन बघू असं मनात धरून निघाल्या होत्या.

"काकू, मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "पण काकांना एवढं सांगा. त्या वाळूवर पक्षी नव्हतेच कधी. माझं जाळं असायचं. जाळं वाळूच्याच रंगाचं, ते दिसत नाही लांबून. पण तरंगायला त्याला बोये बांधलेत ना, पांढरे, ते दिसत असणार."

काकूंनी हळूच विचारलं, "किती बोये आहेत?"

"एकशे चाळीस."

पिशवीत माझ्या अंगाला काकूंचा हात लागला. त्यांनी मला घट्ट धरलं.

त्या तिथून थेट घड्याळजींकडे गेल्या. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत आणि कॅमेरे, दुर्बिणी असलं काही आलं तर तेही उघडून बघत. त्यांनी बारीक पेचकसानं मला खोललं, भिंग दिव्यासमोर धरलं आणि हसले. "काकू, कपाटात ठेवता ना हिला? फडक्यात गुंडाळून? अहो, म्हणून बुरशी धरलीय. समुद्राकाठच्या दुर्बिणीला ऊन खाऊ द्यावं, वारा खाऊ द्यावा. तुम्ही हिला फार जपलंत."

"म्हणजे हिच्यातून लांबचं नीट दिसत नसेल?" काकूंनी विचारलं.

"कसं दिसणार?"

काकूंचा चेहरा एकदम हलका झाला. मला त्यांचा बेत कळला. सगळा दोष माझ्यावर टाकायचा. दुर्बीण खराब होती, म्हणून बोये पक्षी वाटले. नवऱ्याचा मान राहील, मच्छीमाराची जागा परत मिळेल. माझी बदनामी होईल, पण दुर्बिणीच्या बदनामीनं कोणाचं काय अडतंय? मी मनातल्या मनात कुरकुरले आणि तयार झाले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे बाकीच्यांच्या आधी खडकावर पोचलो. ऊन लख्ख पडलं होतं. समोर वीस पावलांवर एक बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. घड्याळजींच्या हातून निघाल्यावर मला त्याच्या चोचीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं.

"बघा आता," काकू म्हणाल्या. "केवढी बुरशी होती आत! घड्याळजी म्हणाले, हिच्यातून कोणालाच काही दिसलं नसतं. बघा तरी."

काकांनी मला डोळ्यांना लावलं. मधलं चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. माझ्यात आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे डोळे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसले. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"धुकं आहे," काका म्हणाले.

"अहो, ऊन पडलंय."

काकांनी मला खाली घेतलं आणि मांडीवर ठेवलं. "दुर्बीण साफ झालीय ना? नक्की?"

"झालीय."

लाट आली, गेली, पुन्हा आली. मग काकूंनी त्यांना मच्छीमाराचं सगळं सांगितलं. सांगताना रडल्या. बाई त्याला काय बोलल्या, नोटीस कशी आली, जाळं कसं कुजतंय, सगळं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार.

"बोये किती म्हणाला?" काकांनी विचारलं.

"एकशे चाळीस."

"मोजलेत, की अंदाजे?"

"त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेत हो एकेक."

काकांची पाठ ताठ झाली. "म्हणजे मोजणी बरोबर होती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "नोंद चुकली."

मंडळी आली तेव्हा काकांनी त्यांना काही सांगितलं नाही. मोजणी खात्यात जागेवर गेल्याशिवाय दुरुस्ती करत नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते काकूंना घेऊन मच्छीमाराकडे गेले आणि म्हणाले, "मला पट्ट्यावर न्या. जाळं बरोबर घ्या. दंड झाला तर माझ्या नावावर होईल." मच्छीमारानं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग होडी ढकलली.

त्या होडीतला प्रवास मी विसरणार नाही. खाडी आणि समुद्र जिथे भेटतात तिथे पाणी उसळत होतं, होडी एकदा वर, एकदा खाली, काकांच्या तोंडावर खारं पाणी. ज्याच्या कडेला त्यांनी तीस वर्षं रेघ मारून पाठ फिरवली त्याच्यावरून ते आज चालले होते, आणि नीट दिसत नसल्यामुळे दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसले होते. "केवढं आहे हो हे," ते एकदा म्हणाले. मच्छीमार हसला. त्या दोघांमधला ताण तिथे सुटला असं मला वाटतं.

वाळूवर जाळं पसरलं. काका गुडघ्यांवर बसले आणि एका टोकापासून सुरुवात करून एकेका बोयाला हात लावत, ओल्या वाळूतून सरकत मोजायला लागले. मी त्यांच्या गळ्यात लोंबत होते. मला ते बोये दिसले नाहीत, फार जवळ होते.

शेवटच्या बोयावर हात ठेवून ते म्हणाले, "एकशे चाळीस." मग मच्छीमाराकडे तोंड करून म्हणाले, "माझी चूक झाली. तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे."

संध्याकाळी ते शाळेत गेले. बाई प्रयोगशाळेत वह्या तपासत होत्या. काकांनी नोंदवही मागितली आणि सगळं सांगितलं. बाई सुन्न झाल्या. त्या पाटीचा त्यांना किती अभिमान होता! वर्गातल्या मुलांना त्यांनी ती नेऊन दाखवली होती.

"काका, राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून नीट लिहू. मागचं कोण बघतंय?"

"मागचं कोणी बघत नाही, म्हणूनच ते बरोबर पाहिजे," काका म्हणाले. "तांबडं पेन द्या."

खात्याचा नियम असा की चुकलेली नोंद खोडायची नाही, पान फाडायचं नाही. तिच्यावर एकच तांबडी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. चूक कोणाची होती ते नंतर येणाऱ्याला कळलं पाहिजे. काकांनी पेन हातात घेतलं, वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि थांबले.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "ओळ दिसत नाही. बोट ठेव."

काकूंनी 'कुरव' या शब्दाखाली बोट ठेवलं. काकांनी बोटाच्या आधारानं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'बोये'. संख्या तशीच ठेवली. मग पुढचं पान. असं नऊ वेळा. शेवटची सही झाल्यावर काका म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव." बाई उठल्या, चपला घातल्या आणि मच्छीमाराच्या घराकडे चालायला लागल्या.

नगरपालिकेचं मात्र वेगळं निघालं. पाटी लावायला एक अर्ज पुरला होता, काढायला ठराव लागतो, ठरावाला पाहणी लागते, आणि पाहणीला आलेले अधिकारी भरतीच्या वेळी आले, तेव्हा पट्टाच पाण्याखाली होता. 'सदर जागा आढळून आली नाही,' असा शेरा पडला. जी जागाच नाही तिथली नोटीसही मग रद्द झाली. पाटी अजून उभी आहे. मच्छीमार जाळ्याची दोरी तिच्याच खांबांना बांधतो. वाऱ्यात चांगली ताणून राहते म्हणे.

काकांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढे केस कधी पिकले तुझे?" काकूंनी केसांवरून हात फिरवला. इतकी वर्षं त्यांचंही लक्ष स्वतःकडे नव्हतं, काकांकडेच होतं. जवळचं बघण्याचं काम इतके दिवस पडून राहिलं होतं, ते काकांनी उशिरा का होईना हाती घेतलं. मला त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं.

आता मी कपाटात राहत नाही. खिडकीच्या खिळ्याला उघडी टांगलेली असते. ऊन लागतं, वारा लागतो, सोनेरी अक्षरं उडून गेली आहेत आणि 'ओलावा आत' एवढंच उरलंय. निदान ते तरी खरं आहे. काकांचा हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे मला धरताना काकू खालून आधार देतात. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. समुद्राकाठी राहत असाल तर कधीतरी बघायला जा, पाय चिखलात घाला. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवू नका.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रविवारचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी मच्छीमारही खडकावर येऊन बसला होता. काकांनी मला उचलून पलीकडच्या पट्ट्यावर रोखलं. पांढरे ठिपके होते. त्यांनी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. मग थांबले आणि पुन्हा डावीकडून मोजायला लागले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मंडळींनी डबे खाली ठेवले. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"किती?" काकूंनी वही उघडून विचारलं.

"एकशे एक्केचाळीस," काका म्हणाले.

मच्छीमार उठून उभा राहिला. "नाही हो काका. एकशे चाळीसच आहेत. मी एकही वाढवलेला नाही."

काका मला डोळ्यांपासून हलवत नव्हते. मीही श्वास रोखून होते. पाटीच्या जवळ, जाळ्याच्या टोकाला, एका ठिपक्यानं मान वळवली, पंख झाडले आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून तो बसला.

"लिही," काका काकूंना म्हणाले. "बोये, एकशे चाळीस. कुरव, एक."